एक बेल जास्तीची

पडद्यावर ते वाक्य उमटलं आणि सभागृहात टाळ्या पडल्या. धाकटीने आधी टाळ्या ऐकल्या आणि वाक्य नंतर वाचलं, कारण ती चष्मा पुसत होती. असल्या बैठकांना ती चष्मा पुसायलाच यायची. दोन तासांत काचा अशा लख्ख होत की घरी गेल्यावर भिंतींवरचे डागसुद्धा दिसत. चष्मा नाकावर चढवून तिने वर पाहिलं. भिंतभर पडद्यावर, लांबूनही वाचता यावीत एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘दार उघडलं नाही म्हणजे घरात कुणी नाही असं नाही. थांब. आत कुणीतरी भिंत धरून येत असेल.’ तिने ते एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचायची गरजच नव्हती, पुढचा शब्द येण्याआधीच तो तिला पाठ होता. लहानपणीचा आपला फ्रॉक एखाद्या परक्या पोरीच्या अंगावर दिसावा आणि खिशाला मारलेलं ठिगळसुद्धा ओळखू यावं, तसं तिला झालं. कान तापले. टाळ्या अजून चालूच होत्या आणि शेजारचा माणूस तिला कोपराने ढोसत होता, वाजवा की म्हणून.

टीमच्या प्रमुखाने हात वर करून टाळ्या थांबवल्या. ऑफिसात त्याला मागून सगळे ‘पडदा’ म्हणत, कारण पडद्यावर काही चमकत असल्याशिवाय त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. “मी याला एवढंच सांगितलं होतं,” तो म्हणाला, “की वॉर्डातल्या कॉम्प्युटरने प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरला हाक मारली आणि पलीकडून उत्तर आलं नाही, तर काय करायचं ते लिही. याने प्रोग्राम तर लिहिलाच, वर ही टीप स्वतःहून घातली. कुणी शिकवलेलं नाही. हे त्याला सुचलं.” ‘याने’ म्हणजे ऑफिसने नव्याने आणलेल्या, माणसाच्या जागी प्रोग्राम लिहिणाऱ्या यंत्राने. त्याचं नाव मोठ्या कौतुकाने ‘मदतनीस’ ठेवलं होतं. या ऑफिसात इस्पितळांसाठी प्रोग्राम लिहिले जात आणि धाकटी ते लिहीत आली होती, केस काळे होते तेव्हापासून. पडद्यावर पुढचं चित्र आलं: जाहिरातीचं पोस्टर. मधोमध तेच वाक्य आणि खाली बारीक अक्षरांत, ‘आमच्या मदतनिसाला सुचलेलं’.

“हे त्याला सुचलेलं नाही,” धाकटी म्हणाली. आपण बोललो हे तिला सगळ्यांच्या माना वळल्यावर कळलं.

“म्हणजे, मॅडम?”

“हे माझ्या बहिणीचं आहे.”

मग मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “काय सांगता, तुमची बहीण पण त्याच्यात आहे?” आणि सभागृह हसलं. वाईट हसणं नव्हतं ते, तेच तर वाईट होतं. पडदाही हसला आणि म्हणाला, “बघा, ऐकणाऱ्याला लगेच आपलं कुणीतरी आठवतं. हेच हवंय आपल्याला.” आणि पुढचं चित्र आलं. धाकटी उभी होती ती खाली बसली. घरी तिला लहानपणापासून ‘ठिणगी’ म्हणत, पण या ठिणगीची एक खोड होती: संताप आला की तिचा आवाज चिरकायचा आणि डोळ्यांत पाणी यायचं, आणि लोकांना वाटायचं बाई रडतेय. रडत नसे ती. अशा वेळी समोरच्याला पाण्यात बुडवावं असं तिच्या मनात असायचं. ती पुन्हा चष्मा पुसू लागली.

टीप. तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं की टीप म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला. प्रोग्राम हा यंत्रासाठी लिहिलेला हुकूम असतो, हे कर, मग ते कर. पण त्या हुकमांच्या मध्ये माणूस अधूनमधून एखादी ओळ घालतो आणि तिच्या सुरुवातीला एक खूण करतो. ती खूण दिसली की यंत्राने ती ओळ सोडून पुढे जायचं. यंत्राशी तिचा काहीएक संबंध नसतो. ती लिहिलेली असते फक्त माणसासाठी, आपल्यामागून जो येईल, ज्याचं तोंड आपण पाहिलेलं नाही, ज्याला हे सगळं पुन्हा उकलत बसावं लागणार आहे, त्याच्यासाठी. इथे जपून. हे असं का केलं ते सांगते. हे हलवू नकोस. गेली पन्नास वर्षं जगातली सगळी यंत्रं या ओळी न वाचता पुढे जात होती, आणि हे नवं यंत्र काय करतं, तर ज्या ओळी त्याला वाचायच्याच नव्हत्या त्या आधी गिळतं आणि ढेकर देतं. आणि लोक टाळ्या वाजवतात त्या ढेकरेला.

ताईने ते लिहिलं तेव्हा धाकटी कॉलेजात जाऊ लागली होती. दोघी बहिणींमध्ये वर्षांचं अंतर इतकं की थोरलीने तिला कडेवर घेऊन मिरवलेलं. तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, आई नाही, वडिलांचं डावं अंग लुळं पडलेलं. दिवसा ते एकटे असत. कुणी आलं तर दार आपण उघडायचंच असा त्यांचा हट्ट. घरात पुरुषमाणूस असून दार बंद राहिलं तर लोक काय म्हणतील. मग बेल वाजली की ते पलंगावरून उठत, आणि भिंतीला तळहात लावून, एक पाय ओढत, कपाट, खुर्ची, चौकट असं करत दाराकडे निघत. बाहेरच्याला काय कल्पना. तो वाजवायचा, लगेच पुन्हा वाजवायचा, धडाधडा वाजवायचा आणि निघून जायचा. वडील दार उघडत तेव्हा जिन्यात उतरणाऱ्या पावलांचा आवाज असे. मुली संध्याकाळी घरी येत तेव्हा ते दाराजवळच्या स्टुलावर बसलेले असत, घामाने ओले, आणि म्हणत, “कुणीतरी येऊन गेलं.” नुसतं एवढंच. त्यांच्या तळहाताचा एक मळकट पट्टा भिंतीवर उमटला होता, कमरेच्या उंचीवर, पलंगापासून दारापर्यंत. ते गेल्यानंतर जागेला रंग द्यायची वेळ आली, तेव्हा थोरलीने तेवढी एक भिंत रंगवू दिली नाही. रंगाऱ्याला वाटलं, बाई पैसे वाचवतेय.

आणि त्याच दिवसांत थोरलीच्या कचेरीत ते काम आलं. शाखांमधली यंत्रं एकमेकांना टेलिफोनच्या तारेवरून हाक मारत, आणि पलीकडचं यंत्र कामात असलं की हाक वाया जाई. अधिकाऱ्यांनी कागदावर लिहून दिलं, ‘उत्तर न आल्यास पुन्हा प्रयत्न करावा.’ संपलं. त्यांच्या दृष्टीने प्रोग्राम झाला. तो करायचा कसा, हे थोरलीने बघायचं. यंत्र एकसारखं वाजवत सुटलं तर पलीकडचं आणखीच गोंधळतं, हे तिने पाहिलं होतं, घरीच पाहिलं होतं. म्हणून तिने लिहिलं: एकदा वाजव. थोडं थांब. पुन्हा वाजव. आता त्याच्या दुप्पट थांब. प्रत्येक वेळी थांबणं वाढवत जा. पाच वेळा वाजवून झालं की मग माणसाला सांग. आणि त्या हुकमांच्या वर, यंत्राने वाचायचं नाही अशी खूण करून, ते दारावरचं वाक्य. सुचलं म्हणे. सुचायला भिंतीवर पट्टा उमटावा लागतो.

जेवणाच्या सुट्टीत कॉफीच्या यंत्रापाशी खोडकाढे उभे होते. हे त्यांचं आडनाव नव्हे. दुसऱ्यांच्या प्रोग्रामांत खोड काढणं हे त्यांचं पोटापाण्याचं काम होतं, आणि ते धाकटीच्याच वयाचे, म्हणजे या ऑफिसात दोघंच पुराणकाळातली. त्यांनी तिच्यासाठी कप भरला.

“खरंच ताईंचं आहे?”

“तुम्हालाही पुरावा हवा?”

“मला नको. मला सकाळीच संशय आला होता.” त्यांनी आवाज खाली आणला. “मदतनिसाने लिहिलेलं मी तपासलं. वर म्हणतंय पाच वेळा, आणि वाजवतंय सहा वेळा.”

थोरलीच्या त्या प्रोग्रामात एक चूक होती, आणि चूक अशी की ती फक्त याच धंद्यातल्या माणसाच्या हातून व्हावी. माणूस मोजायला एकपासून लागतो, यंत्र शून्यापासून. शून्यापासून पाचपर्यंत मोजलं की बोटं लागतात सहा. या फटीत आजवर किती शहाणे पडले असतील याला गणती नाही. धाकटी हे काम शिकली तेव्हा तिने पहिल्यांदा काय केलं असेल तर थोरलीची ही चूक शोधून काढली आणि घर डोक्यावर घेतलं. “ताई, तुझं यंत्र एक बेल जास्त वाजवतं.” थोरली भाजी चिरत म्हणाली होती, “वाजवू दे की. एका बेलेने कुणाची झोप मोडतेय.” धाकटीने पुढे हजारदा चिडवलं, पण ती चूक थोरलीने दुरुस्त केली नाही.

“तीच ताईची चूक,” धाकटी म्हणाली. “तशीच्या तशी.”

“नक्कल करायलाही अक्कल लागते,” खोडकाढे म्हणाले. “शेजाऱ्याचा पेपर बघून लिहिणारा पोरगा कसा सापडतो? शेजाऱ्याच्याच चुका करतो म्हणून. पण मी सांगू का, तुम्ही आत जाऊ नका. पोस्टर छापायला गेलंय. उगाच कशाला, तुमचे निवृत्तीचे दिवस जवळ आलेत.”

“म्हणून तर जाणार,” ती म्हणाली, पण लगेच गेली नाही. आधी स्वतःच्या टेबलाशी बसली, आणि बसल्या बसल्या तिचा संताप मागे मागे चालत गेला, अगदी त्या थंडगार हॉलपर्यंत, जिथे थोरली पहिल्यांदा नोकरीला लागली. एक यंत्र हॉलभर पसरलेलं. ते तापू नये म्हणून हॉल इतका गार ठेवलेला की मुली बारा महिने स्वेटर घालून बसत आणि चपला बाहेर काढत. माणसांना एवढी थंड हवा कुणी दिली नसती. हुकूम लिहायचे ते जाड कागदाच्या पत्त्यांवर भोकं पाडून, एका पत्त्यावर एक ओळ, आणि मोठा प्रोग्राम म्हणजे चांगला हातभर गठ्ठा. थोरलीने तिला या धंद्यातली पहिली गोष्ट शिकवली ती ही की गठ्ठा नीट लावून झाला की त्याच्या कडेवर पेन्सिलीने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ मारायची. गठ्ठा हातातून पडला, पत्ते विखुरले, तरी त्या रेघेवरून पुन्हा क्रम लावता येतो. “हातातून पडणार हे धरूनच चालायचं,” थोरली म्हणायची. बाद झालेले पत्ते ती घरी आणायची आणि धाकटी ते पुस्तकांत खुणेला घालायची, हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारायची.

आणि हे सगळं काम मुलींचं होतं, कारण ते टंकलेखनासारखं दिसत होतं. दिसत होतं म्हणजे लांबून. कळा दाबणाऱ्या बोटांच्या वर एक डोकंही असतं हे लांबून दिसत नाही. हुद्दा काय, तर ‘मदतनीस’. पगारही मदतीला शोभेल एवढाच. साहेब कागदावर चार ओळी लिहीत आणि ‘करून टाका’ म्हणत. ते ‘करून टाकणं’ म्हणजेच प्रोग्राम लिहिणं आहे, आणि अवघड आहे ते तेवढंच, हे कळायला साहेबांना बरीच वर्षं लागली. कळल्याबरोबर कामाचं नाव बदललं. खुर्च्यांना पाठी आल्या, खोल्यांना दारं आली, दारांवर पाट्या आल्या आणि टाय लावलेली मुलं आली. थोरलीनेच त्यांना शिकवलं, तिरक्या रेघेपासून सगळं. कानामागून आले आणि तिखट झाले. दोन वर्षांत ते अभियंते झाले आणि ती मदतनीसच राहिली. धाकटी तेव्हा घरात थयथयाट करायची, तू बोलत का नाहीस म्हणून. थोरली म्हणायची, “जाऊ दे गं.” आयुष्यभर तिने हेच म्हटलं. कचेरीचा पन्नासावा वाढदिवस झाला, जुना फोटो छापून आला, यंत्रासमोर थोरली उभी आणि बाजूला तिचे साहेब. खाली साहेबांचं नाव आणि ‘व एक कर्मचारी’. जाऊ दे गं. शतक बदलायची वेळ आली, जुन्या प्रोग्रामांत वर्षाचे दोनच आकडे लिहिलेले, सगळं कोसळणार म्हणून धावपळ; तेव्हा नोकरी सोडून घरी बसलेल्या थोरलीला बोलावून नेलं, कारण ते जुनं वाचता येणारं कुणी उरलंच नव्हतं. महिनोन्‌महिने ती थर्मास घेऊन जात होती. शेवटी काहीही कोसळलं नाही, आणि लोक म्हणाले, उगाच घाबरवलं होतं. न घडलेल्या अपघाताचं कौतुक कोण करतो? जाऊ दे गं, थोरली म्हणाली, नाही झालं काही हे बरंच झालं ना. धाकटीला ते ‘जाऊ दे’ डोक्यात जायचं. वाटायचं, माझ्या वाट्याचा राग दुप्पट झालाय तो हिने हिच्या वाट्याचा कधी उचललाच नाही म्हणून.

एकच गोष्ट या धंद्यात चांगली होती, आणि ती कुणी साहेबाने दिलेली नव्हती. प्रोग्राम हातोहात फिरत. आधी पत्त्यांचे गठ्ठे, मग टेपच्या फिती, मग फ्लॉपीच्या चकत्या. ज्याला लागेल त्याने न्यावा, वापरावा, बदलावा. आधीच्या माणसाला शिव्या घालाव्यात, कुठल्या गाढवाने हे लिहिलंय म्हणून. ती तर रीतच होती. फक्त सगळ्यात वर लिहिणाऱ्याचं नाव असे ते काढायचं नाही. बदल केलास तर तुझं नाव त्याच्याखाली घाल. याचा कायदा नव्हता. जेवत्या माणसापुढचं ताट ओढू नये याचाही कुठे कायदा आहे? पुढे जगभरचे लोक आपापले प्रोग्राम एका सार्वजनिक जागी मोकळे ठेवू लागले, तेव्हा धाकटीने थोरलीचा तो तुकडा नव्या भाषेत लिहून तिथे ठेवला, टिपेसकट आणि त्या जास्तीच्या बेलेसकट. वर थोरलीचं पूर्ण नाव आणि खाली एवढंच: ‘घ्या, वापरा. वरचं नाव तेवढं राहू द्या.’ आणि लोकांनी राहू दिलं. कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी माणसांनी तो नेला, कुणी इस्पितळात, कुणी वेधशाळेत, आणि खाली आपापली नावं घालत गेले. धाकटी ती नावं थोरलीला वाचून दाखवायची. थोरलीला उच्चार जमत नसत, पण ऐकताना ती चष्मा काढून ठेवायची. आणि आता कुणीतरी ती सगळी मोकळी कोठारं एका घासात यंत्राच्या पोटात घातली. नावं काय, सालं होती, सोलून टाकली. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर नागोबाची जाहिरात.

ती उठली आणि पडद्याच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं. तो तिला बसा म्हणाला, पाणी मागवलं, वागायला तो चांगलाच होता.

“मॅडम, तुमच्या भावना समजतात मला.”

“भावना राहू देत. नाव घाला.”

“कुणाकुणाचं घालू? त्याने कोट्यवधी ओळी वाचल्यात. आपणही वाचून वाचूनच शिकतो की.”

“आपण शिकतो. मग कुणाकडून शिकलो ते विचारलं की सांगतो. ही ओळ एका बाईची आहे, तिला नाव आहे, ती इथून दोन बसच्या अंतरावर राहते.”

“तुमचं सगळं मान्य. पण कंपनी पुरावा मागेल.”

“मोजा,” धाकटी म्हणाली. “वर पाच लिहिलंय. सहा वेळा वाजतं. ती चूक तिची आहे. तुमच्या मदतनिसाला सुचलं असतं तर चूक तरी स्वतःची केली असती त्याने.” तिचा आवाज चिरकायला लागला होता. तिने नखं तळहातात रुतवली.

पडद्याने मोजलं. मग त्याचा चेहरा उजळला. “अरे वा. खरंच की. बरं झालं सांगितलंत, नाहीतर गिऱ्हाइकासमोर फजिती झाली असती.” आणि तिच्यादेखत त्याने मदतनिसाला हुकूम दिला: चूक दुरुस्त कर आणि टीप वेगळ्या शब्दांत लिही. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उत्तर आलं. बेला पाच झाल्या. वाक्य झालं, ‘प्रतिसाद न मिळाल्यास संयमाने प्रतीक्षा करावी, कारण पलीकडील व्यक्ती अडचणीत असू शकते.’ पडदा खुर्चीत मागे रेलला. “आता यात तुमच्या ताईंचं काहीच राहिलं नाही. प्रश्नच मिटला. पोस्टरवरचं मात्र जुनंच राहील, ते छापायला गेलंय आणि लोकांना आवडलंय.”

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. तो लबाड नव्हता. लबाड असता तर बरं झालं असतं, लबाडाला तोंडावर चोर म्हणता येतं. याला खरंच वाटत होतं की त्याने तिचं काम केलं. तिला खूप काही बोलायचं होतं. डोळे भरले. त्याने कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला. तिने तो परत त्याच्याकडे सरकवला, पर्स उचलली आणि दुपारीच ऑफिसातून बाहेर पडली.

बसमध्ये ती मनातल्या मनात भांडत राहिली, आधी पडद्याशी, मग हसणाऱ्या सभागृहाशी, आणि दुसऱ्या बसमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आता ती थोरलीशी भांडतेय. म्हण, म्हण आता जाऊ दे म्हणून. तुझ्या जाऊ देण्यानेच सगळं गेलं. फोटो गेला, हुद्दा गेला, आता शेवटची होती ती एक ओळ गेली. तू एकदा ओरडली असतीस तर मला सारखं ओरडावं लागलं नसतं. रस्त्यावर दुकानांची शटर अर्धी खाली होती, दुपारच्या झोपेसाठी. एका दुकानाच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला, ओठ हलत असलेला. थोरलीच्या इमारतीची लिफ्ट आली तेव्हा ती आत जाऊन इतक्या जोरात बटण दाबून उभी राहिली की अंगठ्याचं नख पांढरं पडलं.

तिने बेल वाजवली. आत काही हललं नाही. पुन्हा वाजवली. थोरली मागे न्हाणीघरात पडली होती तेव्हापासून तिच्याकडे सकाळी एक बाई यायची, दुपारी ती एकटीच असे. धाकटीने पुन्हा वाजवली, आणि भिंतीला टेकून बोलायची वाक्यं जुळवू लागली. आधी टाळ्यांचं सांगावं की पोस्टरचं? की सांगूच नये? सांगून काय, ती हसेल, म्हणेल, चहा टाक. वाजवली. लिफ्ट खाली गेली, वर आली. वाजवली. कान देऊन ऐकलं. आत पंख्याचा आवाज असावा किंवा नसावाही. झोपली असेल. शेजाऱ्यांनी नेलं असेल दवाखान्यात. नसेल घरात. बरंच झालं, आजच्या दिवसाला हेच शोभतं, म्हणून ती वळली, लिफ्टचं बटण दाबलं, आणि मग एकाएकी तिला असा काही संताप आला, त्या बंद दाराचा, की तिने मागे येऊन आणखी एकदा, निव्वळ रागाने, बेल दाबून धरली.

कडी सरकली. दार उघडलं. थोरली उभी होती, एक हात चौकटीला, दुसरा तळहात भिंतीला लावलेला, कपाळावर घाम.

“आत ये,” ती म्हणाली. “आतून ऐकत होते मी. पाच झाल्या तेव्हा वाटलं, गेलीस.”

धाकटीने तिला धरून खुर्चीपर्यंत नेलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. क्रम राहिला नाही, पोस्टर आधी आलं, हसणं मागून आलं, कागदी रुमालांचा डबासुद्धा आला. थोरली चष्मा काढून ऐकत होती. टाळ्यांपाशी तिच्या भुवया जरा वर गेल्या. ‘त्याला सुचलं’ यापाशी ती चक्क हसली. धाकटी वाट बघत होती त्या दोन शब्दांची, आणि ते आले की त्यांच्यावर तुटून पडायला तयार होती.

“सहा वेळाच वाजवत होतं ना पण?” थोरलीने विचारलं.

“सहा. तुझी चूक जशीच्या तशी.”

“चूक होती पहिल्यांदा. पुढच्याच महिन्यात दिसली होती मला.” तिने साडीच्या पदराने कपाळ पुसलं. “बाबा किती बेलांनी पोचायचे, आठवतं? नेहमी माणूस निघून गेल्यावर. एक बेल कमी पडायची त्यांना. म्हणून मग राहू दिली मी.”

“हे तू मला कधी सांगितलं नाहीस.”

“तू मजेत चिडवायचीस. कशाला सांगू.” मग तिने सावकाश चष्मा डोळ्यांवर चढवला. “आहे ना अजून ती?”

“काढली त्याने,” धाकटी म्हणाली. “दुरुस्त केली. माझ्यादेखत. मीच दाखवून दिली त्याला, पुरावा म्हणून.”

पंखा फिरत होता. धाकटीने मान खाली घातली, आता मात्र ते दोन शब्द आले असते तर ती त्यांना विरोध करणार नव्हती. पण ते आले नाहीत. खुर्ची करकरली. तिने वर पाहिलं तर थोरली उठून उभी होती आणि भिंत धरून चपलांच्या कपाटाकडे निघाली होती.

“इस्पितळात वापरणार आहेत ना ते?” पाठमोरी थोरली म्हणाली. तिचा आवाज चिरकत होता. थोरलीच्या तोंडून तो आवाज धाकटीने आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. तो धाकटीचा स्वतःचाच होता. “नाव नाही घातलं तर नाही घातलं. पण ती बेल काढणारा तो कोण? तिकडे आत कोण कशा अवस्थेत असेल, त्याला काय माहीत? ऑफिस किती वाजेपर्यंत असतं तुमचं?”

“संध्याकाळपर्यंत. पण ताई, तुला जिना आहे तिथे, आणि तो भेटायचाही नाही. मी आल्याचं कळलं की दार लावून बसेल.”

थोरलीने चपला जमिनीवर टाकल्या आणि पायाने त्या सरळ करू लागली.

“मग वाजवू,” ती म्हणाली. “आपल्याला कुठे पाचवर थांबायची सवय आहे.”